दादाच्या जुलाबांबद्दल, फोनवर राहून गेलेलं

प्रिय मित्रा,

काल फोनवर तू घाईत होतास म्हणून लिहितोय. एचआयव्हीमुळे दादाचा सीडी४ काउंट (प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा) ३८ वर आलाय, महिनाभर जुलाब, पोटात कळा, मधूनच ताप, कपडे ढगळ व्हायला लागलेत, आणि स्टूल रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून घरात सगळ्यांना हायसं वाटलंय, पण तिथे थांबू नका रे. सीएमव्ही (सायटोमेगॅलोव्हायरस) हा व्हायरस असेल तर तो आतड्याच्या भिंतीत असतो, साध्या स्टूल टेस्टमध्ये कळतच नाही.

हा व्हायरस बहुतेक मोठ्या माणसांच्या अंगात आधीपासून गप्प पडलेला असतो, सीडी४ ५० च्या खाली गेले की त्याला आवरणारं कुणी उरत नाही. म्हणून काय खाल्लंस, कुठे गेला होतास असली चौकशी दादामागे लावू नका, तो आधीच खचलाय. आतड्याच्या बारीक रक्तवाहिन्यांना सूज येते, रक्तपुरवठा कमी पडतो आणि व्रण होतात. व्रण खोल गेला तर रक्त जातं, कधी आतड्याला भोकही पडतं, त्यामुळे पोट अचानक खूप दुखून कडक झालं किंवा शौचातून भरपूर रक्त गेलं तर सकाळची वाट न बघता थेट कॅज्युअल्टीत न्या.

डॉक्टरांना कोलोनोस्कोपी (दुर्बिणीने मोठं आतडं बघणं) आणि बायोप्सीचं (आतड्याचा बारीक तुकडा काढून तपासणं) स्पष्ट विचार. पूर्ण कोलोनोस्कोपी, कारण कधीकधी व्रण फक्त उजव्या बाजूला असतात आणि अर्धवट तपासणीत सुटतात. रक्तात व्हायरस शोधणारी पीसीआर टेस्ट निगेटिव्ह आली तरी आतड्यात सीएमव्ही नाही असं नसतं. टीबी किंवा क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवीही असू शकतो, कधी दोन गोष्टी एकत्र निघतात, म्हणून अंदाजाने गोळ्या देत बसण्यापेक्षा तुकडा तपासलेला बरा, हे मी अगदी मनापासून सांगतोय.

सीएमव्ही निघाला तर गॅनसायक्लोविर हे व्हायरसविरोधी औषध शिरेतून दर १२ तासांनी, मग पचायला लागलं की व्हॅलगॅनसायक्लोविरच्या गोळ्या, साधारण ३ ते ६ आठवडे. या औषधाने पांढऱ्या पेशी उतरतात म्हणून सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) वरचेवर करावं लागतं. आणि डोळे! हाच व्हायरस पडदा खराब करतो आणि सुरुवातीला काही जाणवतही नाही, तेव्हा बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्याच. एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरची औषधं, अजून सुरू नसेल तर तेही फार लांबवू नका, सीडी४ वर आल्याशिवाय हे परत उलटू शकतं.

दादा अंथरूण खराब होईल म्हणून पाणीच कमी पितोय असं तू म्हणालास, ते ऐकून फार वाईट वाटलं रे. आमच्या वॉर्डात कितीतरी जण हेच करतात आणि सुकून जातात. चादरीखाली प्लास्टिक घाल, ओआरएस उशाशी ठेव, आणि हे त्याच्याशी तूच बोल, वहिनींसमोर त्याला लाज वाटत असेल. तुझं तो ऐकेल.

जुने सगळे रिपोर्ट एका फाइलमध्ये लाव, अपॉइंटमेंटची तारीख कळव, मी सुट्टी टाकून येतो.

तुझाच