अंबाडीचं पाणी

चि. सोनू हिस,
अनेक आशीर्वाद.

हैदराबादला तुम्ही मैत्रिणी दर रविवारी एकेकीच्या गावचा पदार्थ करता, हे परवा फोनवर ऐकून फार बरं वाटलं. तेव्हा जे सांगायचं राहिलं, ते लिहितो.

गेल्या महिन्यात मी गोंगुरा पप्पू, म्हणजे गोंगुऱ्याची डाळ, केला. गोंगुरा म्हणजे आपली अंबाडी, हे शेजारच्या तेलुगू काकूंकडून कळलं. बुधवार बाजारातून दोन जुड्या आणल्या. तुझी आई करते तशीच पानं आधी उकडली, घट्ट पिळली आणि शिजलेल्या तुरीच्या डाळीत घातली. वाटी घेऊन काकूंकडे गेलो. त्यांनी एक घास घेतला आणि विचारलं, "भाऊ, डाळ छान झाली, पण गोंगुरा कुठे आहे?"

आंबटपणा पिळलेल्या पाण्याबरोबर मोरीत गेला होता. आपल्या भाजीला तो बेताचाच लागतो. आपण त्यात तांदळाची कणी घालतो, वरून लसणाची फोडणी आणि जवसाचं तेल घेतो, भाकरीशी खातो. त्यांना तोच आंबटपणा भातावर हवा असतो, तिथे चिंचेचं काम पानंच करतात. झाड एकच, आणि एवढ्या पाण्याने पदार्थ बदलतो. हे मला साठीनंतर कळलं.

दुसऱ्या दिवशी पानं धुऊन, निथळून थेट तेलात टाकली. झाकण नाही, पाण्याचा थेंब नाही. बघता बघता हिरवा रंग उतरला, पानं खाकी झाली, विरघळून लगदा झाला आणि कडेने तेल सुटलं. तो लगदा घोटलेल्या डाळीत मिसळला. वर मोहरी, जिरं, चिमूटभर मेथीदाणे, सुक्या मिरच्या, ठेचलेला लसूण आणि कढीपत्त्याची फोडणी. घरभर वास सुटला. तुझ्या आईने त्या दिवशी भाकरी बाजूला ठेवून भात घेतला.

म्हणून सांगतो, कोणाच्याही गावचं काही करशील तेव्हा मसाल्याआधी विचार: तेल कोणतं, आंबट कशाचं, फोडणी केव्हा? तुझी बंगाली मैत्रीण मोहरीचं तेल धूर येईपर्यंत तापवत असेल, मग जरा निवू देऊन त्यात पाचफोडण टाकत असेल: मेथी, जिरं, बडीशेप, कलौंजी, मोहरी, सगळं अख्खं. ते कुटू नकोस. केरळच्या अवियलमध्ये, म्हणजे त्यांच्या मिश्र भाजीत, खोबरेल तेल आणि कढीपत्ता शेवटी, गॅस बंद करताना घालतात. काश्मिरी पंडितांच्या मटणाच्या रोगन जोशमध्ये कांदा-लसूण नसतो, दही, सुंठ आणि बडीशेपेची पूड असते. तिथे आपला झणझणीत नागपुरी सावजी मसाला घालायचा मोह होईल. मला झाला होता. नको घालूस. सावजी सावजीच्या जागी थोर आहे.

आणि आपलंही त्यांना करून घाल, पाटोडी रस्साच कर. राजस्थानची मुलगी म्हणेल, हे तर आमचे गट्टे! तिला दोन्ही शेजारी ठेवून दाखव. त्यांचे गट्टे बेसनाचे वळून पाण्यात उकडतात आणि बहुधा दह्याच्या रश्शात सोडतात. आपलं बेसन आधी शिजवून, ताटात थापून, वड्या पाडून मग सुक्या खोबऱ्याच्या झणझणीत रश्शात. रस्सा वाढायच्या वेळीच घाल, नाहीतर वड्या फुगून फुटतात. वरून सांभार भरपूर. (तिकडे सांभार मागितलास तर डाळ मिळेल, कोथिंबीर म्हण.)

मला मिळाली ती हिरव्या देठाची अंबाडी होती. काकू म्हणतात, लाल देठाची जास्त आंबट असते आणि चटणी तिचीच करावी. दिवाळीला येशील तेव्हा तिकडून दोन जुड्या ओल्या कापडात गुंडाळून आण. मिरच्या आणि धणे मी भाजून ठेवतो.

तुझे बाबा
नागपूर