सासवडच्या वाड्याला 'झपाटलेला' म्हणू नका

मा. संपादक,

आपल्या रविवारच्या पुरवणीत पुण्याजवळच्या 'झपाटलेल्या' जागांवर लेख आला होता. त्यात सासवडच्या पुरंदरे वाड्याचा फोटो होता आणि खाली ओळ होती, 'तुंबाडचा शापित वाडा'. 'तुंबाड' या हिंदी भयपटाचं चित्रीकरण तिथे झालं, म्हणून; बाकी काही नाही. माझं माहेर सासवडचं. लग्न होऊन सदाशिव पेठेत आले त्याला बेचाळीस वर्षं झाली, तरी ती ओळ वाचून माझ्याच घराबद्दल कुणीतरी वाईट बोलल्यासारखं वाटलं. म्हणून हे पत्र.

त्या वाड्याच्या तटाला हात घासत आम्ही मुली शाळेत जायचो. तटातल्या भोकांत राघूंची घरटी असत. बुरुजाखाली उन्हाळ्यातही गार वाटायचं, म्हणून भाजीवाल्या बायका पाट्या उतरवून तिथे टेकत. माउलींची पालखी दिवे घाट चढून सासवडला मुक्कामाला आली की आमच्या ओट्यावर वारकरी झोपत आणि आई पहाटे तीनला पिठलं टाकायची. बाळाजी विश्वनाथ, भट घराण्यातले पहिले पेशवे, १७२० साली सासवडलाच गेले. त्यांची समाधी तिथेच आहे. पुरंदरे त्यांचे जिवाभावाचे साथी. शनिवारवाड्याने आपल्या दर्शनी बाजूचं रूप इथून उचललं असं आमच्याकडे अभिमानाने सांगत. या वाड्यात भूत आहे असं मात्र माझ्या आजीनेही कधी सांगितलं नाही, आणि तिला भुतं भरपूर ठाऊक होती.

'तुंबाड' मला मनापासून आवडतो, हे आधी सांगायला हवं. माझी तक्रार चित्रपटाबद्दल नाही. तो पाहिल्यावर आमच्या वाड्याची मला जास्तच किंमत कळली. चित्रपटात पाऊस थांबतच नाही. भिंती ओल्या, पायऱ्या शेवाळलेल्या, माणसांचे कपडे अंगाला चिकटलेले. आणि हे सगळं ज्या दारात घडतं ते दार पर्जन्यछायेच्या तालुक्यात उभं आहे! पुरंदर म्हणजे अंजीर-सीताफळांचा, पाण्यासाठी तरसणारा मुलूख. जूनमध्ये आभाळ भरून येतं, भुलेश्वराच्या बाजूला सरकतं आणि आम्ही कऱ्हेच्या कोरड्या पात्राकडे बघत बसतो. खरं तुंबाड गाव तिकडे रत्नागिरी जिल्ह्यात, खेड तालुक्यात, जगबुडीच्या काठी. श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत'मुळे मराठी वाचकाला ते नाव आधीपासून माहीत होतं. तुंबाड, महाबळेश्वर आणि सासवड असे तुकडे जोडून पडद्यावरचं ते एक गाव उभं राहिलं. २०१२ मध्ये चित्रीकरण सुरू झालं, चित्रपट आला ऑक्टोबर २०१८ मध्ये. मधे पुन्हा चित्रीकरण झालं, खऱ्या पावसासाठी पावसाळ्यामागून पावसाळे थांबले. आमच्या गावावर आभाळ कधी कृपा करील याची वाट बघण्याचा अनुभव त्या मंडळींनीही घेतला, याचं मला फार अप्रूप वाटतं.

या चित्रपटाशी माझं दुसरं नातं कामाचं. एकतीस वर्षं मी पेठेतल्या एका वाचनालयाच्या काउंटरवर होते. भयकथा लिहिणाऱ्या नारायण धारपांची पुस्तकं आमच्याकडे कपाटात कधी राहिलीच नाहीत. एक वर्गणीदार परत करायचा आणि पाठीमागे उभा असलेला तिथेच हात पुढे करायचा. 'समर्थ' हे त्यांचं पात्र असलेली पुस्तकं तर तीन-तीनदा बांधणीला गेली. पानांचे कोपरे तेलकट, काही ठिकाणी मेणाचे डाग, म्हणजे दिवे गेल्यावरही वाचत होते लोक. धारप पुण्याचे, जन्म १९२५चा. समीक्षकांनी त्यांना कधी ओसरीच्या आत घेतलं नाही. ती सल माझ्या मनात अजून आहे, कारण तारीख-शिक्का मारणाऱ्या माणसाला खरं वाचन दिसतं.

'तुंबाड'चे दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांनी धारपांची कथा १९९३ साली नागझिऱ्याच्या जंगलात मित्राच्या तोंडून ऐकली. वाचली नव्हती, ऐकली होती! पुढे १९९७ मध्ये, अठराव्या वर्षी, त्यांनी पहिला मसुदा लिहिला. 'थँक यू मिस्टर ग्लाड' लिहिणाऱ्या अनिल बर्व्यांचे ते चिरंजीव. ही साखळी मला फार मोलाची वाटते. पेठेत बसून एकाने लिहिलं, जंगलात दुसऱ्याने सांगितलं, तिसऱ्याने वीस वर्षं मनात ठेवलं, आणि २०१८ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवातल्या समीक्षक सप्ताहाचा पडदा त्या चित्रपटाने उघडला. छायाचित्रण, कलादिग्दर्शन आणि ध्वनी यांची फिल्मफेअर पारितोषिकंही मिळाली. तरी पहिल्या वेळी थिएटरं भरली नव्हती. सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा लागला तेव्हा मी नातीबरोबर गेले, तर रात्रीच्या खेळाला पुढच्या रांगेचीच तिकिटं शिल्लक. पुनःप्रदर्शनाची कमाई पहिल्यापेक्षा जास्त झाली.

नात घाबरली ती चित्रपटातल्या हस्तर या राक्षसी देवाला. मी घाबरले कणकेच्या बाहुलीला. दिव्यांच्या अवसेला आपण कणकेचे दिवे करतो, तीच कणीक, तेच मळणारे हात. हस्तरला सोनं मिळालं पण धान्य हाती लागलं नाही, म्हणून तो पिठाला भुलतो. बाहुलीने त्याला भुलवून सोनं कसं उचलायचं, हे बाप मुलाला बरोबर नेऊन शिकवतो, जसा एखादा दुकानदार पोराला गल्ल्यावर बसवतो, तसा. चित्रपट हिंदीत असला तरी हे घर आपलं आहे. भूत विसरता येईल, पण तो बाप विसरता येत नाही. आमच्या पेठेतल्या वाटण्यांच्या भांडणांत मी असे दोन-तीन बाप पाहिले आहेत.

मागच्या श्रावणात भावाकडे गेले होते. वाड्यापाशी सात-आठ मुलं मोबाइल उंच धरून किंचाळत होती. एक जण दगडाने तटावर नाव कोरत होता. मी थांबवलं. त्याने अगदी नम्रपणे विचारलं, "आजी, खजिना कुठल्या बाजूला दाखवलाय हो?" मुलगा वाईट नव्हता. त्याला दुसरं काही कुणी सांगितलंच नव्हतं.

म्हणून माझी एवढीच विनंती आहे. वाड्याबाहेर चार ओळींचा एक फलक लागावा. वाडा कुणाचा, पेशव्यांशी त्यांचं नातं काय, आणि 'तुंबाड'चं चित्रीकरण इथे झालं, हेही त्यावर असावं. मजकूर मी शुद्धलेखन तपासून देईन. रंगाचा खर्च सासवडच्या आम्ही चार माहेरवाशिणी उचलू. बघायला जाणाऱ्यांनी परवानगी घेतल्याशिवाय आत शिरू नये, भिंतीला टोक लावू नये. धारपांच्या जन्माला शंभर वर्षं झाली आहेत. लॉ कॉलेज रस्त्यावरच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने एक संध्याकाळ हा चित्रपट दाखवून धारपांच्या कथांचं वाचन ठेवलं, तर पहिल्या रांगेत मी असेन.

आणि आपल्याकडे एक मागणं. पुढच्या रविवारी तोच फोटो पुन्हा छापा. खाली फक्त 'पुरंदरे वाडा, सासवड' असं लिहा.

— एक निवृत्त ग्रंथपाल, सदाशिव पेठ, पुणे