चिऊ, नडगीचं सरांना सांग

चिऊ बाळा,

शनिवारचं शाळेचं वार्तापत्र ग्रुपवर आलं, तुझं नाव तिसऱ्या पानावर आहे, १७ वर्षांखालील मुली, ८०० मीटर, विभागस्तर, द्वितीय, राज्यस्तरासाठी निवड. आजीने तुझा फोटो झूम करकरून बघितला आणि बाबांनी तो सगळ्या नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला, मामाचा तर फोनच आला. खूप खूप अभिनंदन, मला तुझं कौतुक आहे आणि ते मी भेटल्यावर नीट करेनच. पण हे पत्र वेगळ्या कारणासाठी लिहितेय. तुमचा बुधवारचा फोन म्हणजे पाच मिनिटं आणि मागे मुलींची लाइन, त्यात असलं काही बोलता येत नाही, म्हणून हे सगळं मोबाईलवर टाइप केलंय आणि लॅबमध्ये प्रिंट काढून बाबांबरोबर रविवारी डब्यासोबत पाठवतेय. एकटी असताना वाच.

आधी बाकीच्या बातम्या, कारण ते वार्तापत्र मी खरंच पहिल्या पानापासून वाचते. तुझ्या शेजारच्या बेडवरची कुस्तीवाली ४९ किलोत पहिली आली, केवढा आनंद झाला मला, मागच्या भेटीत ती आपल्या डब्यातलं काहीच खात नव्हती ना, वजन द्यायचंय काकू म्हणून हात मागे घेत होती, तेव्हाच माझ्या पोटात कालवलं होतं. आता वजन झालंय, मॅच झालीये, तिला जेवू दे पोटभर. पोहण्यातल्या मुलांची चार मेडल, जिम्नॅस्टिक्समधल्या त्या सहावीतल्या पिटुकल्याचं नाव पहिल्यांदाच आलंय, त्याच्या आईने ग्रुपवर इतके हात जोडलेले इमोजी टाकलेत. शंभर मीटरवालीचं टायमिंग १२.६ छापलंय आणि पुढे हॅण्ड टाइम असं लिहिलंय ते मला फार आवडलं, म्हणजे घड्याळ माणसाने दाबलेलं आहे, पिस्तुलाचा आवाज ऐकून बोट हलेपर्यंत थोडा वेळ जातोच, त्यामुळे इलेक्ट्रॉनिक टायमिंगला तेच साधारण पाव सेकंदाने जास्त भरतं, बाबांनी मला सणस ग्राउंडवर तू पळायला लागलीस तेव्हाच समजावलं होतं. बऱ्याच ठिकाणी ते न सांगता नुसता आकडा छापतात आणि मग मूल राज्याला जाऊन इलेक्ट्रॉनिकवर पळालं की त्याला वाटतं आपण मागे पडलो. रिले बाद झाली तेही छापलंय, तिसऱ्या एक्स्चेंजला बॅटन झोनच्या बाहेर दिली म्हणून. तीस मीटरचा झोन असतो आणि त्या पोरी पूर्ण वेगात असतात गं, एक पाऊल पुढे गेलं की संपलं. चौघींपैकी कोणाचं चुकलं ते लिहिलेलं नाही, बरं केलं.

रायफलवाल्या मुलाचा स्कोअरही आहे, दहा मीटर एअर रायफल, वैयक्तिक सर्वोत्तम म्हणून. त्याच्या बातमीखाली स्वप्निल कुसाळेचा फोटो छापलाय शाळेने, आणि ते वाचून मला एक हिशेब सुचला. राधानगरीच्या कांबळवाडीचा हा मुलगा, २००९ ला क्रीडा प्रबोधिनीत, म्हणजे राज्य सरकारच्या निवासी क्रीडा केंद्रात आला, आणि पॅरिसचं ब्राँझ २०२४ ला, १ ऑगस्टला, ५० मीटर रायफल थ्री पोझिशन (गुडघ्यावर, पालथं झोपून आणि उभं राहून), ४५१.४ गुण. मध्ये पंधरा वर्षं. १९५२ ला हेलसिंकीत खाशाबा जाधवांनी मेडल आणलं त्यानंतर महाराष्ट्राच्या माणसाचं वैयक्तिक ऑलिम्पिक मेडल यायला ७२ वर्षं लागली आणि त्यातली पंधरा या एका मुलाची रोजची प्रॅक्टिस आहे, त्यात किती राज्यस्तर, किती नॅशनल चांगले गेले असतील, किती वाईट गेले असतील, आज कोणाच्या लक्षात आहे? हे का सांगतेय ते तुला कळलं असेल.

बुधवारी तू म्हणालीस नडगी दुखतेय, वॉर्मअपला दुखते आणि गरम झाली की थांबते, सरांना सांगू नको हां आई, स्टेट आहे. आणि लगेच विषय बदललास, मेसमध्ये पनीर होतं वगैरे. मी तेव्हा काही बोलले नाही कारण मागे मुली होत्या. पण विभागाच्या फायनलला बाबा स्टँडमध्येच बसले होते ना, त्यांनी घरी येऊन मला सांगितलं की पहिला राऊंड ६९ सेकंदांत आला, मस्त होता, दुसऱ्यात शेवटच्या दीडशेला ती दुसरी मुलगी गेली तेव्हा चिऊ डावा पाय नीट टाकत नव्हती. दुसरा राऊंड ७५. त्यांना वाटलं थकलीस. मला तसं वाटत नाही.

आता मी तुला विचारते त्याची उत्तरं स्वतःपाशी खरी दे. नडगीच्या आतल्या कडेला बोट फिरवून बघ. सगळ्या कडेने पसरून दुखतंय की एकाच ठिकाणी, रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत दाबलं की कळ येते? रात्री झोपल्यावर ठणकतं का? एका पायावर उभं राहून उडी मारली तर कळ येते का (मारून बघू नकोस, आठव फक्त)? पसरून दुखत असेल तर ते बहुतेक शिन स्प्लिंट्स, म्हणजे नडगीच्या हाडालगत ताण येऊन होणारं दुखणं, थोडी विश्रांती, शूज बदलणं, लोड कमी करणं यावर निभावतं. एकाच जागी दुखत असेल आणि आराम करतानाही दुखत असेल तर हाडाला बारीक तडा असू शकतो, स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतात, आणि त्यावर पळत राहिलं तर तो तडा वाढतो. सुरुवातीला साध्या एक्स-रेमध्ये बरेचदा दिसत नाही, त्यामुळे एक्स-रे क्लीअर आला म्हणजे काही नाही असं नसतं, एमआरआय लागतो. हे मी घाबरवायला सांगत नाहीये. वेळेत कळलं तर साधारण दीड-दोन महिने पळणं बंद, मधल्या काळात सायकल, पाण्यात पळणं, वरच्या अंगाचे व्यायाम हे डॉक्टर सांगतील तसं चालू ठेवता येतं. उशिरा कळलं तर अख्खा सीझन जातो.

आणि दुसरं, ज्याच्याबद्दल तू काहीच बोलत नाहीस. पाळी. उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर तू एकदाही पॅड मागितले नाहीत माझ्याकडे, आणि गणपतीत घरी आलीस तेव्हा मी विचारलं तर म्हणालीस अगं खेळणाऱ्या मुलींची बंद होते, सीनियर दीदी म्हणतात उलट बरंय, फिट असल्याचं लक्षण आहे. नाही चिऊ. हे चूक आहे आणि ज्या दीदीने सांगितलं तिलाही हे पत्र दाखवलंस तरी चालेल. तीन महिने पाळी आली नाही की डॉक्टरांना दाखवायचंच असतं, खेळाडू असो की नसो. होतं काय, की तू सकाळ-संध्याकाळ पळतेस, जेवढं जळतं तेवढं पोटात जात नाही, मग शरीर जिथे काटकसर करता येईल तिथे करतं, पाळी थांबवतं, आणि त्याबरोबर जी हार्मोन्स कमी होतात त्यांच्यावरच हाडांची मजबुती असते. म्हणजे नडगी आणि पाळी ही दोन वेगळी दुखणी नसू शकतात. मुलींची हाडं बहुतेक भर अठरा-वीस वर्षांपर्यंतच घेतात, नंतर फारशी भर घालता येत नाही, तुझं हेच वय आहे ते.

लॅबमध्ये मी रोज बघते गं. कॉलेजच्या मुली येतात, चक्कर येते म्हणून, सीबीसी, म्हणजे रक्ताची साधी तपासणी केली की हिमोग्लोबिन नऊ, साडेनऊ. एनएफएचएस, म्हणजे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाहणीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के अॅनिमिक, म्हणजे रक्त कमी असलेल्या निघाल्या होत्या, म्हणजे निम्म्याहून जास्त, आणि त्यातल्या बहुतेकींना दिवसाला दोनदा ट्रॅकवर जायचं नसतं. गणपतीत तुझं सॅम्पल मीच घेतलं होतं, हिमोग्लोबिन ११.४, आणि १२ च्या खाली म्हणजे अॅनिमियाच. फेरिटिन तर फारच खाली होतं, म्हणजे अंगातला लोहाचा साठाच संपत आलेला. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या तू घेतेस ना? चहाबरोबर घेऊ नकोस, चहाने लोह नीट अंगी लागत नाही, लिंबूपाण्याबरोबर घे. शेवटच्या दीडशेला पाय जड होतात त्यात याचाही वाटा असणार असं मला वाटतं, तुझी जिद्द कमी पडते असं मला अजिबात वाटत नाही.

तू म्हणशील, आई, पण मोठे खेळाडू दुखापत घेऊनच पळतात. बघ, पी. टी. उषा, तीही अशाच शाळेतली, १९७६ ला केरळ सरकारने कन्नूरला मुलींसाठी स्पोर्ट्स डिव्हिजन काढलं त्याच्या पहिल्या बॅचमधली. १९८४ ला लॉस एंजेलिसला ४०० मीटर हर्डल्समध्ये ५५.४२, ब्राँझ गेलं ५५.४१ ला, हे तर तुमच्या हॉस्टेलच्या भिंतीवरच लिहिलंय. त्याच्या पुढचं भिंतीवर नाहीये. १९८८ ला सोलला ती टाच दुखावलेली असताना उतरली आणि हीटमधूनच, म्हणजे पहिल्याच फेरीत बाहेर पडली. लोक काय काय बोलले. मग १९८९ ला दिल्लीच्या एशियन चॅम्पियनशिपला तीच उषा, चार गोल्ड आणि दोन सिल्व्हर. तोच माणूस, तेच ट्रेनिंग, फरक पायाचा होता. देशातली सगळ्यात भारी मुलगी दुखऱ्या पायावर हीट पार करू शकली नाही तर तू राज्याला काय टायमिंग काढशील, सांग मला. विभागाच्या २ मिनिटं २४ सेकंदांचं तुला २ मिनिटं २० करायचंय ना? या पायावर ते २ मिनिटं २८ होईल आणि वर पाय जाईल.

मी सरांना फोन केलेला नाही. बाबा म्हणत होते आत्ताच लावतो, मी थांबवलं. तुझा पाय आहे, तूच सांगायचंस. सोमवारी सकाळच्या प्रॅक्टिसच्या आधी जा, सगळ्यांसमोर नको वाटत असेल तर मैदानावर सगळ्यात आधी पोच, आणि सरळ सांग, सर डावी नडगी इतके दिवस दुखतेय, अमुक ठिकाणी. पाळीचं सरांना सांगायला अवघड वाटत असेल तर हॉस्टेलच्या मॅडमना सांग, त्या सांगतील, फिजिओ मॅडमनाही कळायला हवं. सर चिडतील असं तुला वाटतंय, मला नाही वाटत, त्यांनी तीस वर्षं पोरं पळवलीयेत, त्यांना विभागाच्या फायनललाच दिसलं असेल आणि ते तुझ्या सांगण्याची वाट बघत असतील असंही होऊ शकतं. बुधवारपर्यंत मी गप्प बसेन. बुधवारी तू सांगितलेलं नसशील तर मात्र मी फोन करणार आणि त्यासाठी तू माझ्यावर रुसलीस तरी चालेल.

स्टेट हुकलं तर? रडू येईल, येऊ दे. तू नववीत आहेस, पुढच्या वर्षीही १७ खालीच पळणार आहेस, दहावीला सवलतीचे गुण मिळायचे तर तेही पुढच्या वर्षीच्या स्पर्धेवर मिळू शकतात. वार्तापत्रात दोन महिने नाव येणार नाही, बाबा ग्रुपवर काही टाकणार नाहीत, आजी विचारेल, तिला मी बघते. तुझ्या जागी दुसरी मुलगी जाईल, ती कोण असेल तिला तू स्वतः जाऊन सांग की शेवटच्या दीडशेच्या आधी सुटू नकोस, ते तुलाच जास्त माहितीये. दिवाळीच्या सुट्टीत घरी आलीस की लगेच हाडांच्या डॉक्टरांची आणि बायकांच्या डॉक्टरांची दोन्ही अपॉइंटमेंट घेऊन ठेवते, आपण दोघीच जाऊ. पण शाळेचे डॉक्टर म्हणाले आत्ता एमआरआय करा तर दिवाळीची वाट बघायची नाही, मी रजा टाकून येते, हडपसरहून बाणेर रोडचा ट्रॅफिक कितीही असला तरी दोन तासांत पोचते.

डब्यात नाचणीचे लाडू आहेत, तीळगुळाची चिक्की, भाजलेले फुटाणे, आणि खजुराचं मोठं पाकीट. लाडू रोज दोन, सकाळच्या प्रॅक्टिसनंतर अर्ध्या तासाच्या आत, नाश्त्याची घंटा होईपर्यंत उपाशी बसायचं नाही. कुस्तीवालीलाही दे, तिला म्हणावं काकूंनी खास पाठवलेत.

तुझी,
आई

ता.क. विभागाचं सर्टिफिकेट बाबांकडे दे, मूळ प्रत, हॉस्टेलच्या कपाटात ठेवू नकोस. आणि जुने स्पाइक्स पण दे, डाव्याचा सोल एका बाजूने झिजलाय असं बाबा म्हणाले, फिजिओ मॅडमना आधी दाखव आणि मग पाठव.