पेठ नाक्याच्या मिस्त्रींना, ज्यांनी आमच्या टेपच्या पेटीवर ग्राइंडर चालवला

मिस्त्री, नमस्कार.

नाव लिहू नका म्हणालात म्हणून लिहीत नाही. पण आभार तोंडावर मानायला गेलं की तुम्ही "चहा घ्या" म्हणून विषय बदलता, म्हणून हे असं सगळ्यांसमोर.

जानेवारीतली गोष्ट. शेजारच्या पाटाचं पाणी रानात आलेलं, दोन ट्रॉल्यात मिळून 20 टनाच्या आसपास ऊस आणि आमचा भाऊ अर्ध्या क्लचवर ट्रॅक्टर काढतोय, काढतोय, आणि निघाला एकदाचा, पण रस्त्याला लागल्यावर इंजिन नुसतं बोंबलतंय आणि चाक हलत नाही. वास तर असा की बांधावरची ऊसतोड टोळी नाकाला पदर लावून बसली. दिवाळीच्या पुढं-मागंच क्लच केलेला, तेव्हा दुसऱ्या एका ठिकाणी अडीच दिवस गेले होते. कारण काय, तर हाऊसिंगचे, म्हणजे क्लचवरच्या लोखंडी आवरणाचे, दोन बोल्ट आमच्या गाण्यांच्या टेपच्या पेटीखाली, तिथं पानाच फिरत नव्हता, आणि डिझेलचा पाईप ओढताना तुटला. म्हणजे एका हंगामात दुसऱ्यांदा ट्रॅक्टर फोडायचा, इंजिन आणि गिअरबॉक्स वेगळे करायचे, खाली टोळी बसून, ऊस वाळतोय, वजन घटतंय.

मला तेव्हा एक अक्कल सुचलेली. भाच्यानं मोबाईलवर अमेरिकेतल्या ट्रॅक्टर ओढायच्या शर्यती दाखवलेल्या, तिकडं 300 फूट ओढलं की झालं, आणि क्लच असा बसवलेला की दोन फेऱ्यांच्या मध्ये उघडून बघतात. (300 फूट! आमच्याकडं तेवढ्यात नुसता बांध ओलांडून होतो.) म्हणून मी म्हटलं मिस्त्री, हाऊसिंगला वरून गॅस कटरनं मोठी खिडकीच पाडा. तुम्ही रात्री नऊला गाडीवरून उतरलेला, माझ्याकडं असं बघितलंत की विचारू नका. "हे काय पिठाच्या डब्याचं झाकण आहे का? तुमच्या ट्रॅक्टरला खाली चेसिस नाही, इंजिन, हे हाऊसिंग आणि गिअरबॉक्स एकमेकाला बोल्टनं धरूनच उभे आहेत. इथं भोक पाडलं तर कणाच कापला."

आणि मग बॅटरी लावून तुम्ही पेटीच्या अँगलमागचं चिखल-ग्रीसचं थर खरवडलं, तर आत दोन बोल्टचं तळहाताएवढं झाकण! कंपनीनंच दिलेलं. सहा वर्षं ट्रॅक्टर आमच्या दारात आणि आम्ही त्याच्यावर ॲम्प्लिफायर बसवून गाणी ऐकतोय. त्यातून तुम्ही भावाला पेडलनं पुढं सरकणारं बेरिंग दाखवलं, क्लचच्या फिंगरला, म्हणजे बोटांना, चिकटून बसलेलं, पेडलला फ्री प्ले, म्हणजे मोकळा खेळ, शून्य. क्लचची प्लेट झिजत जाते तशी बोटं मागं बेरिंगकडं येतात, मोकळी जागा संपली की पाय न लावताही क्लच दाबल्यासारखाच राहतो आणि घसरून जळतो, हे तेव्हा कळलं. दिवाळीनंतर एकदा जरी हे झाकण उघडून बघून पेडलचा खेळ ॲडजस्ट केला असता तर प्लेट वाचली असती.

प्लेट गेलेलीच होती, फोडायला लागलाच. पण काय फोडलात! पुढच्या एक्सलला दोन्हीकडून लाकडी पाचरी, कारण तो मधल्या पिनवर झुलतो आणि इंजिन आडवं जातं. गिअरबॉक्सखाली स्टँड, इंजिनाखाली चॅनलवर चालणारा तुमचा तो चाकांचा गाडा. दोन बोल्टच्या जागी बिनडोक्याचे लांब स्टड. परत जोडताना सगळं त्याच स्टडवरून सरळ आत सरकलं. प्लेट जुन्या क्लच शाफ्टच्या तुकड्यावर मधोमध धरलेली, दाते जुळेनात तर बोल्ट आवळून ओढायचं नाही, फ्लायव्हील जरा फिरवायचं. मागच्या वेळी आवळूनच ओढलेलं, मी बघत होतो, मला वाटलं असंच असतंय.

दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला ट्रॅक्टर परत उसात.

पैसे घेतल्यावरही तुम्ही तासभर थांबलात, त्याचं जास्त वाटतं. पेटीचा अँगल कापून पिनांवर केलात, आता दोन पिना काढल्या की पेटी बाजूला. वायरी तोडून टेप गुंडाळायच्या ऐवजी सॉकेट लावलं. दिवाळीला तुटलेला डिझेलचा पाईप नीट सांधला. भाऊ पेटी कापताना रुसला होता, आता दर आठ दिवसांनी तोच झाकण उघडतो, पेडलला इंचभर खेळ आहे का बघतो आणि पेडलवर पाय ठेवून गाडी चालवायचं सोडलंय (बऱ्यापैकी). हंगाम त्याच प्लेटवर संपला.

तुमचा 19 चा पाना आमच्या टूलबॉक्समध्ये राहिलाय, रविवारी काकवीबरोबर आणून देतो. ते दोन लांब स्टडपण आमच्याकडंच आहेत, ते मात्र मागू नका.

तुमचा,
टेपवाला ट्रॅक्टर