टॉम हार्किन यांचं काम

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

अमेरिकेतल्या आयोवा राज्याचे टॉम हार्किन सिनेटमध्ये तीस वर्षं होते (१९८५ ते २०१५), त्याआधी दहा वर्षं प्रतिनिधीगृहात. एवढ्या काळात त्यांनी नेमकं केलं काय, हा तुझा प्रश्न. शेतीसमितीचं अध्यक्षपद सांभाळलं, १९९२ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठीही लढले. पण माझ्या मते त्यांचं नाव टिकेल ते १९९० च्या अपंग हक्क कायद्यामुळेच, म्हणजे अपंगांशी भेदभाव करायला बंदी घालणाऱ्या कायद्यामुळे.

त्यांचा भाऊ फ्रँक लहानपणीच बहिरा झाला. कर्णबधिरांच्या शाळेत त्याच्यापुढे तीनच धंदे ठेवले: बेकरी, बूटदुरुस्ती किंवा छापखान्यात मदतनीस. त्याला एकही नको होता, तरी बेकरीच पदरात पडली. १३ जुलै १९९० रोजी सिनेटने कायद्यावर शेवटची मोहोर उमटवली तेव्हा हार्किन भाषणाचा काही भाग खुणांच्या भाषेत बोलले, तो फ्रँकसाठी.

आता कसब कुठे होतं ते बघ. १९८८ चं मूळ विधेयक फार कडक होतं. धंदाच बुडायची वेळ येईल तेव्हाच मालकाला अपंग कामगारांसाठी सोय करण्यातून सवलत, असा त्याचा रोख. ते मांडणारे सिनेटर वायकर त्याच वर्षी निवडणूक हरले आणि काम हार्किन यांच्याकडे आलं. १९८९ च्या मसुद्यात मालकाची जबाबदारी कायम राहिली, पण सोय करून देण्यात ‘लक्षणीय अडचण किंवा खर्च’ असेल तर सूट मिळाली. अशा तडजोडींनी दोन्ही पक्षांची मतं जमली: सप्टेंबरमध्ये सिनेटमध्ये ७६ विरुद्ध ८, आणि शेवटच्या मतदानात ९१ विरुद्ध ६. नोकरीचे नियम आधी २५ किंवा अधिक कामगार असलेल्यांना लागू झाले, दोन वर्षांनी १५ वाल्यांना. लहान मालकांना तयारीला वेळ मिळाला, हे फार शहाणपणाचं झालं.

घोळ झाला तो व्याख्येत. ‘जीवनातल्या मुख्य क्रियेला मोठी मर्यादा’ आली तर माणूस अपंग, असं कायदा म्हणतो. दोन जुळ्या बहिणींना अधू नजरेमुळे वैमानिकाची नोकरी नाकारली गेली. १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं, चष्म्याने नीट दिसतं, म्हणजे अपंगत्व नाही. हाच तर्क गोळ्या घेणाऱ्या फेफऱ्याच्या आणि मधुमेहाच्या रुग्णांनाही लागला. म्हणजे आजारामुळे नोकरी जायची आणि उपचार चालू आहेत म्हणून दावाही फेटाळला जायचा! हार्किन यांनी २००८ मध्ये दुरुस्ती आणली: औषध किंवा उपकरणाचा परिणाम सोडून अपंगत्व मोजायचं, साधा चष्मा मात्र अपवाद. कायदा वाचायला घेशील तेव्हा या दुरुस्तीसकट घे, नाहीतर जुने निकाल दिशाभूल करतील.

संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क करारावर मात्र त्यांना यश आलं नाही. ४ डिसेंबर २०१२ रोजी सिनेटमध्ये बाजूने ६१, विरोधात ३८. दोन तृतीयांशाला ६६ हवी होती. व्हीलचेअरवरून आलेले माजी सिनेटर बॉब डोल सभागृहात असतानाही डोल यांच्याच रिपब्लिकन पक्षाचे बहुतेक सदस्य विरोधात गेले, हे मला अजूनही सलतं. अमेरिकेने तो करार आजवर मंजूर केलेला नाही.

तुझा,
विनय