गावातला जाणता आणि न्यायाधीश

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत प्रशांत महासागरातील वानुआतू या छोट्या द्वीपराष्ट्राच्या ‘बेट न्यायालयां’विषयी आलेले टिपण वाचले. वकील नाहीत, पदव्या नाहीत, तारखांवर तारखा नाहीत, गावातली चार जाणती माणसे बसतात आणि निवाडा करून मोकळी होतात, असा त्याचा एकंदर सूर होता. टिपण वाचनीय होते, परंतु ते वाचून कोणाचाही असा समज व्हावा की माणूस शहाणा असला म्हणजे न्याय आपसूक होतो. मी स्वतः तीन वर्षे एका जिल्ह्याच्या बाल न्याय मंडळावर, म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलांची प्रकरणे ऐकणाऱ्या मंडळावर, सामाजिक कार्यकर्ती सदस्य होते, म्हणजे कायद्याची पदवी नसताना न्यायासनावर बसले होते. तेव्हापासून हा विषय जमेल तसा वाचत आले आहे, म्हणून हे पत्र.

वानुआतू 30 जुलै 1980 रोजी स्वतंत्र झाले. त्यापूर्वी 1906 पासून तिथे ब्रिटन आणि फ्रान्सचे संयुक्त राज्य होते. दोन सरकारे, दोन पोलीस दले, दोन प्रकारचे कायदे, आणि मूळ रहिवासी मात्र दोन्हींपैकी एकाही देशाचा नागरिक नाही, असा तो अजब कारभार. ऐंशीच्या घरात बेटे, शंभराहून अधिक भाषा आणि 2020 च्या जनगणनेनुसार सुमारे तीन लाख लोकसंख्या असलेल्या या देशात बेटागणिक पदवीधर न्यायाधीश नेमणे शक्यच नव्हते. म्हणून राज्यघटनेच्या कलम 52 मध्येच गाव किंवा बेट पातळीवरील न्यायालयांची आणि त्यांतील गावप्रमुखांच्या स्थानाची तरतूद झाली आणि 1983 च्या कायद्याने ही न्यायालये प्रत्यक्षात आली. रूढी जाणणारे तीन सदस्य, त्यांतला निदान एक त्याच हद्दीत राहणारा गावप्रमुख, म्हणजे तिथल्या बिस्लामा भाषेत ‘जिफ’, आणि वकिलांना मज्जाव. इथवर टिपणातले चित्र बरोबर आहे.

मात्र त्याच कायद्यात एक अट आहे, तिचा उल्लेख टिपणात नाही. रूढी लागू करायची, पण ती लिखित कायद्याशी विसंगत नसेल आणि न्याय, नीती व सुव्यवस्थेला बाधक नसेल तेवढीच. ही अट कागदावर एका ओळीची असली तरी ज्याला ती पाळायची असते त्याच्यासाठी सर्वांत अवघड आहे, कारण ज्या रूढीचा जाणकार म्हणून त्याला नेमले, तीच रूढी कुठे थांबवायची हेही त्यालाच ठरवायचे असते. ही रेघ पुसली गेली की काय होते, हे तिथल्या सर्वोच्च न्यायालयापुढे 1993 मध्ये आलेल्या एका खटल्यात दिसले. नवऱ्यापासून वेगळ्या राहणाऱ्या एका बाईचा प्रश्न राजधानी पोर्ट विलामध्ये टान्ना बेटाच्या प्रमुखांच्या बैठकीपुढे गेला आणि तिला तिच्या मनाविरुद्ध बोटीत बसवून टान्नाला परत पाठवण्यात आले. बैठकीतल्यांच्या दृष्टीने हा समेट होता. न्यायालयाने तो गुन्हा ठरवला. ती बैठक म्हणजे बेट न्यायालय नव्हे, हे खरे. पण तिथे बसलेल्या मंडळींमध्ये आणि बेट न्यायालयात बसणाऱ्या जिफमध्ये वयाने, मानाने किंवा रूढीच्या ज्ञानाने फारसा फरक नसतो. फरक पडतो तो न्यायासनावर बसताना अंगी बाणवाव्या लागणाऱ्या काही सवयींमुळे, आणि त्या सवयी उपजत येत नाहीत, शिकवाव्या लागतात. जातपंचायतींच्या बहिष्काराविरुद्ध 2016 मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागलेल्या महाराष्ट्राला हे वेगळे सांगायला नको.

प्रशांत महासागरातील किरिबाटी, तुवालू, सॉलोमन बेटे, नियुए अशा अनेक देशांत पदवी नसलेले दंडाधिकारी किंवा न्यायदाते काम करतात. न्यूझीलंडच्या निधीतून आणि ऑस्ट्रेलियाच्या संघीय न्यायालयाच्या व्यवस्थापनाखाली 2010 पासून दशकभराहून अधिक काळ या प्रदेशातील न्यायसंस्थांसाठी प्रशिक्षणाचे कार्यक्रम चालले. अशा न्यायदात्यांसाठी ‘बेंचबुक’, म्हणजे समोर उघडी ठेवून काम करण्याची पुस्तिका, तयार करण्याची पद्धत त्या भागात चांगली रुळली आहे. माझ्या मते अशा पुस्तिकेत कलमांपेक्षा कामाची रीत अधिक महत्त्वाची असते. उदाहरणार्थ, आरोपीने गुन्हा कबूल केला, असे केव्हा समजायचे? ‘हो, मारले मी, पण आधी त्याने सुरा काढला होता,’ असे कोणी म्हणाला, तर गावातला जाणता ‘हो’ एवढेच ऐकतो आणि शिक्षेकडे वळतो. तयार केलेला न्यायदाता त्या ‘पण’पाशी थांबतो, कारण त्यानंतरचे वाक्य खरे असेल तर तो स्वसंरक्षणाचा बचाव आहे, ही कबुली धरता येत नाही आणि पुरावा ऐकणे भाग आहे. वकील नसलेल्या न्यायालयात हा ‘पण’ ऐकणारे दुसरे कोणी नसते. वकिलांना मज्जाव केल्याचे कौतुक करताना तो भार कोणाच्या खांद्यावर गेला, तेही पाहायला हवे.

दुसरी गोष्ट आपला संबंध असलेल्या प्रकरणातून स्वतः बाजूला होण्याची. जेमतेम सतराशे वस्तीच्या नियुएसारख्या बेटावर, नात्यातला खटला ऐकू नये, हा शहरी नियम जशाचा तसा लावला तर न्यायालयाला कुलूपच लागेल. प्रत्येक जण कोणाचा तरी चुलता नाही तर मेहुणा असतो. तिथे मार्गदर्शन अधिक बारकाईचे लागते. नाते किती जवळचे आहे, निकालात आपला लाभ आहे का, या प्रकरणावर आपण आधीच कुठे मत देऊन बसलो आहोत का, हे स्वतःला विचारायचे आणि शंका उरली तर ती दोन्ही पक्षांना उघड सांगून नोंदवायची.

याबाबत मी स्वतः ठेच खाल्ली आहे. मंडळावरच्या पहिल्या दिवशी लिपिकाने रोजनामा, म्हणजे कामकाजाची रोजची नोंद, पुढे सरकवला आणि म्हणाला, ‘ताई, इथे सही करा.’ कशावर, असे विचारल्यावर त्यालाच नवल वाटले. काही आठवड्यांनी एका विधिसंघर्षग्रस्त, म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेल्या, बालकाचे प्रकरण आले. त्याची आई माझ्या ओळखीच्या बचत गटातली होती. घरची परिस्थिती मला ठाऊक असल्याने उलट मुलाचे भलेच होईल, अशी माझी प्रामाणिक समजूत होती. मधल्या सुट्टीत प्रधान दंडाधिकाऱ्यांनी हलकेच विचारले, ‘ताई, तुम्ही यांना आधीपासून ओळखता का?’ आणि त्या प्रकरणात मी बसले नाही. त्या दिवशी मला तो अपमान वाटला होता. 2015 च्या बाल न्याय कायद्यानुसार सदस्यांना नेमणुकीपासून 60 दिवसांत प्रशिक्षण मिळायला हवे. माझ्या वाट्याला ते बरेच उशिरा आले.

भाषेचा मुद्दा टिपणात अजिबातच नाही. वानुआतूत कायदा इंग्रजी आणि फ्रेंचमध्ये लिहिला जातो, सुनावणी मात्र बिस्लामात किंवा बेटाच्या बोलीत होते. इंग्रजीतली पुस्तिका दिली, तर ती न्यायालयाच्या कपाटातच राहणार. गंमत अशी की अशा मार्गदर्शनाचा जगभर मान्य झालेला पाया आपल्याच शेजारच्या राज्याच्या राजधानीचे नाव मिरवतो. न्यायिक आचरणाची ‘बंगळूर तत्त्वे’ 2001 मध्ये त्या शहरात मसुद्याच्या रूपाने मांडली गेली आणि 2002 मध्ये हेगला त्यांना अंतिम रूप मिळाले. स्वातंत्र्य, निःपक्षपात, सचोटी, औचित्य, समानता आणि क्षमता व तत्परता ही ती सहा मूल्ये. मंडळावरच्या माझ्या तीन वर्षांत ती मराठीत छापलेली एकदाही माझ्या हाती पडली नाहीत.

आपण या विषयावर पुन्हा लिहाल तेव्हा बेट न्यायालयांच्या साधेपणाबरोबर त्यामागच्या या शिकवणीलाही जागा द्यावी, आणि आपल्याकडे बाल न्याय मंडळावर व बाल कल्याण समितीवर नव्याने येणाऱ्या सदस्यांना नेमणूकपत्रासोबतच मराठी पुस्तिका मिळावी यासाठी संबंधित खात्याकडे पाठपुरावा करावा, ही विनंती. माझ्याकडे अशी पुस्तिका नसल्याने मी एका दोनशे पानी वहीत स्वतःपुरत्या नोंदी करत गेले. मुदत संपल्यावर ती वही माझ्या जागी आलेल्या बाईंना दिली. तिच्या पहिल्या पानावर लिहिले होते : ‘काय आरोप आहे ते मुलाला वाचून दाखवले का? कळले का, असे न विचारता, त्याच्याच शब्दांत परत सांगायला लावले का?’

आपली नम्र,
सातारा येथील एक वाचक
(नाव व पत्ता सोबत जोडला आहे, प्रकरणांची गोपनीयता लक्षात घेऊन कृपया नाव छापू नये.)