मैदानातला फोटो कुणाचा?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात तुमच्या जिल्हा पानावर व्यावसायिक कबड्डी स्पर्धेच्या अंतिम सामन्याचा फोटो आला होता. करंडक, पाहुणे आणि मागे प्रायोजकांचा फलक. तोच फोटो त्याच दिवशी आणखी दोन दैनिकांत होता. खाली कुणाचंच नाव नव्हतं. तो आयोजकांनी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला होता. मला हे माहीत आहे, कारण त्या रात्री मी तिथेच होतो आणि कॅमेरा घेऊन मॅटजवळ जायला मला मनाई होती.

चिपळुणात माझा स्टुडिओ आहे. पोट लग्नांवर चालतं, पण कबड्डीचे फोटो मी ३० वर्षं काढतो आहे. मंडळांच्या स्पर्धांत गुणलेखकाच्या टेबलाशेजारी खुर्ची मिळायची, चहा यायचा आणि ‘उद्या पेपरात येईल ना?’ एवढंच विचारलं जायचं. आता लिलावात संघ बांधले जातात, मातीच्या जागी मॅट आली, यूट्यूबवर सामना थेट दिसतो. ते चांगलंच आहे, आमच्या पोरांच्या हातात चार पैसे पडतात. थेट प्रक्षेपणाचे हक्क आयोजकांनी खुशाल विकावेत, आम्हाला मॅटपासून लांब बसवावं, फ्लॅशला बंदी घालावी. (चढाईला निघालेल्या पोराच्या डोळ्यांवर फ्लॅश मारणाऱ्याला मी स्वतः हाकलीन.)

पण या वेळी गेटवर माझ्यापुढे एक इंग्रजी फॉर्म ठेवला. आत काढलेला प्रत्येक फोटो आयोजकांचा. सामना संपला की कार्डावरून सगळे उतरवून द्यायचे. ते कायमस्वरूपी, कुठेही, विनामोबदला वापरणार. मी मात्र स्टुडिओच्या फेसबुक पानावरही टाकायचे नाहीत. गेटवरचा मुलगा ओळखीचा. म्हणाला, “काका, सही मारा नि जावा आत, कोण वाचतंय!” दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका स्पर्धेत मी अशीच न वाचता सही केली होती. पुढच्या हंगामात एसटी स्टँडसमोरच्या भल्यामोठ्या फ्लेक्सवर माझा फोटो झळकला, नावाशिवाय. विचारायला गेलो तर उत्तर मिळालं, “सही केलीत ना?”

म्हणून या वेळी मी फॉर्म परत दिला आणि तिकीट काढून गॅलरीत बसलो. आजूबाजूला शेकडो मोबाईल चालू होते, कुणालाही अडवत नव्हते. शेवटच्या मिनिटात एका गुणाने मागे असलेल्या संघाचा चढाईपटू तिघांच्या पकडीखाली आडवा झाला. पंचांनी त्याला बाद दिलं, सामना तिथेच संपला. माझ्या फ्रेममध्ये त्याचं मधलं बोट मध्यरेषेवर टेकलेलं आहे आणि पंचांची शिटी अजून ओठांपाशी पोचलेली नाही. म्हणजे तो सुटला होता, बाद नव्हता. पंचांनी मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. तीन अंगांखालचं बोट त्यांच्या बाजूने दिसणं कठीणच होतं. पण हा फोटो आयोजक तुम्हाला कधीच पाठवणार नाहीत. मी पाठवला तेव्हा तुमचं पान लागून गेलं होतं, त्यांचा फोटो आधीच पोचला होता.

त्या सहीनंतर मी कायदा समजून घेतला. सामन्यावर कुणाचा कॉपीराइट नसतो, आयोजकांच्या हातात असतं ते गेट. फोटोवर मात्र असतो आणि १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे सहसा तो काढणाराच पहिला मालक. नोकरीत किंवा कुणी पैसे देऊन काढून घेतला तर गोष्ट वेगळी. मला आयोजकांनी ना नेमलं होतं ना दमडी दिली होती. ती मालकी घ्यायची तर कलम १९ प्रमाणे सहीनिशी लेखी घ्यावी लागते. मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षांचीच धरतात, म्हणून फॉर्मात तो ‘कायमस्वरूपी’ शब्द. आणि सगळं लिहून दिलं तरी ‘हा फोटो मी काढला’ हे सांगायचा हक्क कलम ५७ने माझ्याकडेच राहतो. फ्लेक्सवर माझं नाव हवं होतं, एवढंच माझं म्हणणं होतं.

हे फक्त आमच्या तालुक्यात होतं असं नाही. २०१२ साली इंग्लंडचा संघ कसोटी मालिकेसाठी आला तेव्हा बीसीसीआयने गेटी इमेजेससारख्या फोटोसंस्थांना मैदानात प्रवेश नाकारला आणि आपले फोटो देऊ केले. रॉयटर्स, एपी आणि एएफपी या वृत्तसंस्थांनी निषेध म्हणून वार्तांकन थांबवलं. पीटरसनने वानखेडेवर १८६ धावा काढल्या, इंग्लंडने २८ वर्षांनी भारतात मालिका जिंकली ती हीच. मोठ्या संस्था असं अडून बसू शकतात. ज्याचं एका फोटोचं मानधन पेट्रोललाही पुरत नाही, तो सही करून आत जातो.

२२ जुलै २०२१च्या पुरात वाशिष्ठीचं पाणी माझ्या स्टुडिओच्या माळ्यापर्यंत चढलं. निगेटिव्हची पाकिटं, हार्ड डिस्क, सगळं चिखलात गेलं. नंतर एक जुना खेळाडू आपल्या तरुणपणीच्या चढाईचा फोटो मागायला आला. माझ्याकडे काहीच उरलं नव्हतं. मग तोच घरी जाऊन आईच्या पत्र्याच्या पेटीतून तुमच्या दैनिकाचं कात्रण घेऊन आला. पिवळं पडलेलं, घडी बरोबर गुडघ्यावरून गेलेली, खाली बारीक अक्षरात माझं नाव. त्या कात्रणाचाच फोटो काढून मी त्याला मोठा करून दिला. आमच्या गावच्या खेळाचं जे काही शिल्लक आहे ते असं तुमच्या पानांवर आहे.

म्हणून विनंती करतो. आयोजकांचा फोटो छापलात तर खाली तसं लिहा. आत सोडलं नाही म्हणून आपला फोटो नाही, हेही छापा. आणि मैदान नगरपरिषदेचं असेल तर ते भाड्याने देतानाच ‘बातमीच्या छायाचित्रकाराकडून फोटोचे हक्क मागायचे नाहीत’ अशी अट नगरपरिषदेने घालावी, यासाठी तुम्ही पाठपुरावा करावा.

मध्यरेषेवरच्या बोटाचा तो फोटो या पत्रासोबत पुन्हा पाठवत आहे. छापलात तर खाली नाव घाला, आणि त्या पोराला पेपराचा एक अंक मिळेल असं बघा.

आपला,
एक छायाचित्रकार वाचक, चिपळूण